आधी ऊब, मग दूध, मग पाय

प्रश्न: ताई, आमची मांजर चिमी परवा रात्री पहिल्यांदाच व्याली. चार पिल्लं झाली. पहिली दोन नीट आली. तिसऱ्याचा एकच मागचा पाय बाहेर आला आणि पिल्लू तिथेच अडकलं. अर्धा तास झाला तरी चिमी कळा देतेय, ओरडतेय. डॉक्टरांचा फोन लागेना. शेवटी दादाने तो पाय टॉवेलमध्ये धरून ओढला. पिल्लू जिवंत आलं, मागोमाग चौथंही आलं. पण तिसऱ्याचा तो पाय लुळा पडलाय, मांडी सुजलीय, धरलं की किंचाळतं. या गडबडीत दुसऱ्या पिल्लाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. सकाळी पाहिलं तर त्याच्या पुढच्या पायाला नाळ आणि अंथरलेल्या फडक्याचे धागे गुंडाळले होते. सोडवले, पण पंजा सुजून काळानिळा झालाय. दादा धड जेवत नाहीये. पाय आम्हीच मोडला का? पाय गेले तर ही पिल्लं जगतील का, की त्यांना आताच झोपवलेलं बरं? आणि पुढच्या वेळी आम्ही काय करायचं?

उत्तर:

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला दोनच ओळी पाठवल्या होत्या. दोन्ही पिल्लं आईसकट डॉक्टरांकडे ने आणि वाटेत त्यांची ऊब तुटू देऊ नकोस. तू नेलीस हे वाचून जिवात जीव आला. तिसऱ्याचं मांडीचं हाड मोडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुसऱ्याच्या काळ्या पंजाबद्दल ते ‘थांबून बघू’ म्हणाले. त्या ‘थांबून बघू’ने तू जास्तच घाबरलीस, हे तुझ्या चिठ्ठीतल्या अक्षरावरूनच कळतंय. म्हणून आज सविस्तर लिहिते. चार दिवसांच्या पिल्लाच्या बाबतीत थांबून बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. त्या दिवसांत करण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यातलं बहुतेक तुझ्याच हातात आहे.

पण आधी दादाबद्दल.

पाय ओढण्यामुळेच मोडला असणार. तुला खोटा दिलासा देत नाही. काही पिल्लांचा पाय जन्मतःच वाकडा असतो. पोटात दाटीवाटीने राहिल्याने स्नायू आखडतात, किंवा हाडच नीट तयार झालेलं नसतं. पण असा पाय सुजत नाही आणि हात लावल्यावर पिल्लू किंचाळतही नाही. तुझ्या पिल्लाची मांडी सुजली आणि ते किंचाळलं, त्यामुळे इजाच झाली यात शंका राहत नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अर्धा तास जोरदार कळा येऊनही पिल्लू सरकत नव्हतं. ते तिथेच राहिलं असतं तर गुदमरलं असतं, त्याच्या मागचं चौथंही अडलं असतं आणि चिमीच्या जिवावर बेतलं असतं. पाय दादाच्या हातून मोडला आणि पिल्लू आज श्वास घेतंय तेही त्याच्याच हातून. त्याला दोन्ही सांग. एकच सांगितलंस तर तो विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक. पिल्लू पायाळू आलं म्हणून ते अडलं, असा समज करून घेऊ नका. मांजरांत दहांतली तीन-चार पिल्लं मागच्या पायांकडूनच येतात आणि दोन्ही पाय सरळ मागे पसरलेले असले तर डोक्याकडून येणाऱ्यांसारखीच सुटतात. घोळ होतो तो एक पाय बाहेर आणि दुसरा आत पोटाखाली दुमडलेला असतो तेव्हा. मग कंबर आडवी बसते. बाहेरचा पाय कितीही ओढला तरी आतला अडसर हलत नाही, सगळा जोर त्या एका पायाच्या हाडावर आणि खुब्यावर येतो. दादाला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

आता तुझ्याबद्दल थोडं बोलते, रागावू नकोस. तुझ्या दोन्ही पत्रांत पायांशिवाय जवळपास काही नाही. पिल्लांचं वजन किती, अंग गरम लागतं का, दूध किती वेळ ओढतात, याबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लं पायापायी जात नाहीत. ती जातात गारठून, उपाशी राहून, नाहीतर रक्तात जंतू पसरून. मी इतकी वर्षं अडलेल्या मांजरींची आणि टाकलेल्या पिल्लांची उस्तवार केली आहे. हातातून निसटलेली पिल्लं आठवली तर बहुतेक वेळा माझं लक्ष जखमेवर होतं आणि पिल्लू तिकडे गार पडत होतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याच्या अंगाचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस हवं आणि ते टिकायला आजूबाजूला साधारण २९ ते ३२ अंश लागतं. आई आणि भावंडं मिळून हे करतात. पण दुखरं पिल्लू ढिगातून बाजूला ढकललं जातं, आणि ते परत आत शिरलं नाही की तासाभरात गारठतं. म्हणून खोक्याच्या एकाच बाजूला गरम पाण्याची पिशवी जाड फडक्यात गुंडाळून ठेव. एकाच बाजूला अशासाठी की जास्त उकडलं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. तुझी करंगळी धुऊन तिचं टोक पिल्लाच्या तोंडात हलकेच घाल. आत उबदार, ओलसर लागलं आणि जीभ बोटाला लपेटली तर ठीक. आत गार लागलं आणि जीभ हलली नाही, तर त्याला दूध देऊ नकोस. गारठलेल्या पिल्लाची आतडी चालत नाहीत. दूध पोटात नासतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब दे. तीही एकदम नको, तास-दोन तास घेऊन हळूहळू. छातीशी, कपड्याच्या आत धरलेलं सगळ्यात चांगलं.

मग वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घे, त्यावर वाटी ठेव, वाटीत मऊ फडकं. दररोज एकाच वेळी चारही पिल्लं मोज आणि वहीत लिही. जन्मलेलं पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचं असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढलं की समाधान मानायचं. दोन आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट व्हायला हवं. पहिल्या दिवशी किंचित घटलं तर एक वेळ चालतं. पण त्यानंतर एक दिवस वजन थांबलं तर मी सावध होते आणि घटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. पिल्लू सुकायला लागल्याचं डोळ्यांना दिसतं, त्याच्या आदल्या दिवशी ते काट्यावर दिसलेलं असतं.

दूध शक्यतो चिमीचंच. पहिल्या दिवशीचा चीक दोघांनाही मिळाला असेल अशी आशा करते, कारण रोगाशी लढण्याची ताकद पिल्लाला बहुतांश त्यातून मिळते आणि आतड्यांची तो शोषून घेण्याची क्षमता पहिल्या दिवसभरातच संपते. आता वेळ गेली असली तरी डॉक्टरांना ते आवर्जून सांग. दुखऱ्या पिल्लाला दर दोन-अडीच तासांनी तू स्वतः आचळाला लाव. मागचे आचळ बहुधा जास्त भरलेले असतात. आईच्या दुधावर वजन वाढत नसेल तर वरचं दूध लागेल, पण ते मांजराच्या पिल्लांसाठीच बनवलेलं घे. मांजरीच्या दुधात गायीच्या दुधाच्या जवळपास दुप्पट प्रथिनं असतात. गायीच्या दुधाने पोट भरतं, हगवण लागते आणि पिल्लू वाढत नाही. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी चार-पाच मिलिलिटरच मावतं, म्हणून थोडं थोडं आणि वारंवार. पाजताना पिल्लू पोटावरच हवं, तान्ह्या बाळासारखं पाठीवर कधीही नाही. वरचं दूध दिल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालची जागा हलकेच पुस, कारण या वयात शी-शू आपली आपण होत नाही. एरवी ते चिमी चाटून करून घेते.

हे लावून दिलंस की मग पायांकडे वळू.

मोडलेल्या मांडीची मला तुलनेने कमी काळजी वाटते. या वयातलं हाड मऊ असतं आणि चटकन भरतं. मोठ्या मांजराला जिथे महिना-दीड महिना लागेल, तिथे तान्ह्या पिल्लाचं दोन-तीन आठवड्यांत जुळून येऊ शकतं. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लू मागच्या पायांवर उभं राहतच नाही. पुढच्या पायांनी सरपटतं आणि मागचं धड फरफटत नेतं. म्हणजे आचळापर्यंत पोचायला त्याला हा पाय आज लागत नाही. डॉक्टरांनी फळी बांधली नाही म्हणून तू नाराज दिसतेस. मला त्यांचं बरोबर वाटतं. मांडीच्या हाडाला खालून बांधलेली पट्टी धरत नाही, उलट तिच्या वजनाने तुटलेली टोकं हलतात. कोपराखाली किंवा गुडघ्याखाली मोडलं असतं तर गोष्ट वेगळी. तिथे हलकी पट्टी बांधतात, पण इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाची सोमवारी बरोबर बसलेली पट्टी शुक्रवारी फास होते. म्हणून ती दर थोड्या दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी लागते. घरी काडी लावून बांधायचा विचार दादाच्या मनात असेल तर तो काढून टाकायला सांग.

तू एवढंच कर. या पिल्लाला उचलताना पाय लोंबता ठेवू नकोस. एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. खोक्यात घसरणारा कागद नको, नखं रुततील असं पण धागे न सुटणारं कापड हवं. आणि पंजाला हलकेच चिमटा काढल्यावर तो पाय आखडून घेतो का, हे डॉक्टरांना विचार. ओढण्यात हाडाबरोबर संवेदना नेणारी नसही ताणली जाऊ शकते. पाय आखडत असेल तर नस शाबूत आहे आणि पिल्लू त्या पायावर एक दिवस धावेल अशी चांगली आशा धरायला हरकत नाही. थोडा आखूड राहील, थोडं लंगडेल, ते सोडून दे.

दुखण्यावर औषध द्यावंसं वाटतं, ते मला कळतं. पण घरातल्या डब्यातलं काहीही नको. पॅरासिटामॉल तर मुळीच नको. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, माणसाची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. जखमेवर फिनाइलच्या जातीतली जंतुनाशकंही लावू नकोस. पिल्लू नाही चाटणार, पण चिमी चाटेल.

आता काळा पंजा. इथे मी जरा थांबून लिहिते, कारण काय घडलं ते समजलं की ‘थांबून बघू’ समजेल.

फास बसतो तेव्हा आधी दबतात त्या रक्त परत नेणाऱ्या शिरा, कारण त्यांच्या भिंती पातळ असतात. रक्त आणणारी धमनी चिवट, ती काही वेळ रेटत राहते. रक्त आत येतंय पण बाहेर जायला वाट नाही, म्हणून पंजा टम्म फुगतो आणि निळा-जांभळा दिसतो. मग सूजच इतकी वाढते की धमनीही बंद पडते. तेव्हा पंजा गार पडतो आणि काळा होऊ लागतो. नाळ ओली असताना मऊ असते, पण वाळताना आक्रसते. रात्री सैल वाटलेला वेढा सकाळपर्यंत घट्ट होतो तो यामुळे. कधीकधी दोन-तीन पिल्लांच्या नाळा आणि जार (वार) एकत्र गुंतून त्यांचा गठ्ठाच होतो. पिल्लं भराभर आली, किंवा आई पहिलटकरीण आणि भांबावलेली असली, की तिला प्रत्येक नाळ चावून तोडायला फुरसत मिळत नाही. चिमी तर त्या वेळी तिसऱ्यासाठी झगडत होती. तिच्याकडून कसं व्हायचं?

पंजातला कुठला भाग मेला आणि कुठला फक्त मार खाऊन सुजलाय, हे पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. चार-सहा दिवसांत शरीरच एक रेघ आखतं. रेघेच्या वर गुलाबी आणि उबदार, खाली काळं आणि गार. डॉक्टर त्या रेघेची वाट बघताहेत. ती उमटण्याआधी कापलं तर जगणारा भाग जाईल किंवा मेलेला मागे राहील. शिवाय शंभर ग्रॅमच्या जिवाला भूल देणं हे मोठं धाडस असतं. यकृत आणि मूत्रपिंड अजून कच्ची असतात, रक्तातली साखर झटकन उतरते, अंग क्षणात गार होतं. म्हणून जमेल तितकं ते पुढे ढकलतात.

दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात, पंजाच्या गाद्या बघ. आधी दुसऱ्या पंजाच्या बघ, म्हणजे निरोगी गुलाबी कशी असते ते डोळ्यात राहील. जांभळटपणा ओसरून गुलाबी परत येत असेल आणि पंजा कोमट लागत असेल तर तो वाचतोय. काळा होऊन वाळत असेल, कातड्यासारखा कडक आणि कोरडा पडत असेल, तर तो भाग गेला. पण हे स्वतःहून तातडीचं संकट नव्हे. संकट केव्हा, तर तो ओला असेल, पू किंवा वास येत असेल, लाली रेघेच्या वर चढत असेल, किंवा पिल्लू दूध सोडून मलूल पडलं असेल. तसं दिसलं तर रात्र असली तरी ने. पंजा शेकू नकोस. त्यातली जाणीव गेली असेल तर भाजलेलंही पिल्लाला कळणार नाही. रक्त फिरावं म्हणून चोळूही नकोस. कोरडा ठेव, बस्स. चिमी चाटते ते ठीक आहे, पण ती तो भाग कुरतडतेय असं दिसलं तर डॉक्टरांना विचारून काही वेळ पिल्लू उबेत वेगळं ठेव आणि पाजायला तेवढं तिच्याजवळ दे. आणि हो, तुझ्या हाताचा वास लागला म्हणून चिमी पिल्लाला टाकेल ही भीती काढून टाक. पाळलेली, तुझ्या अंगाखांद्यावर वावरणारी मांजर असं करत नाही. आई सहसा दूर सारते ते गार पडलेल्या, हालचाल न करणाऱ्या पिल्लाला.

तुला ठिपक्याबद्दल सांगते. माझ्याकडे लाकडी कपाटाच्या खालच्या फळीवर एक मांजर व्याली, तिचा तो. नाळेचा फास मागच्या पायाला, घोट्याच्या वर. मला दिसला तेव्हा पंजा पिकल्या जांभळासारखा गडद झाला होता. जिथे दाखवायला नेला तिथे मला सांगितलं गेलं की याला झोपवा, कशाला हाल. मी त्याला पदराखाली घेऊन घरी आले आणि रात्रभर रडले. सकाळी काट्यावर ठेवला तर आदल्या दिवसापेक्षा ११ ग्रॅम जास्त. ज्याला हाल होताहेत ते पिल्लू इतकं दूध पिईल का, एवढाच विचार मी केला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. पंजा रोज थोडा थोडा वाळत गेला, पावसात भिजून उन्हात वाळलेल्या शेंगेसारखा. अकराव्या दिवशी सकाळी तो फडक्यावर गळून पडलेला होता, नखांसकट, आणि ठिपक्या शेजारीच आईच्या पोटात तोंड खुपसून लुचत होता. रक्ताचा थेंब नाही. खाली स्वच्छ गुलाबी टोक. चौदाव्या दिवशी तो १९० ग्रॅम भरला.

त्याचं पुढेही ऐक, कारण ते तुझ्या पिल्लाला लागू पडेल. उरलेलं टोक तसंच ठेवलं तर वाढत्या वयात पिल्लू त्यावर टेकत चालतं आणि तिथली नाजूक कातडी सारखी सोलवटते. म्हणून पिल्लू मोठं आणि दणकट झाल्यावर बऱ्याचदा डॉक्टर तो पाय आणखी वरून काढायचा सल्ला देतात. ऐकायला क्रूर वाटतं. मलाही वाटलं होतं, मी दोन महिने टाळाटाळ केली आणि त्या दोन महिन्यांत ठिपक्याला तिथे तीन वेळा जखम झाली. पाय वरून काढल्यावर मात्र तो आठवड्यात कपाटावर चढला. तू माझ्यासारखी टाळाटाळ करू नकोस.

आता झोपवण्याबद्दल, कारण तो शब्द तू दोनदा लिहिलायस आणि दोनदा खोडलायस. पाय नसणं हे त्याचं कारण होऊ शकत नाही. लहानपणीच पाय गेलेलं मांजर तीन पायांवरच चालायला शिकतं, चार पायांची आठवण त्याला नसते. मी तो निर्णय घेतलेला आहे, पण कधी, तर रक्तात जंतू पसरून औषधं चालेनाशी झाली तेव्हा, ऊब आणि दूध देऊनही पिल्लू दिवसेंदिवस घटत आणि अखंड कण्हत राहिलं तेव्हा. तुझी दोन्ही पिल्लं आचळाला लागताहेत असं तू चिठ्ठीच्या शेवटी, तारखेच्या खाली, लिहिलं आहेस. मग आज हा प्रश्न नाही.

चिमीला विसरू नका. ती ओली बाळंतीण आहे आणि तिचीही रात्र तितकीच कठीण गेली. तिला हवं तेवढं खायला, प्यायला दे. खालून थोडा लालसर-तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे जातो, त्याची काळजी नको. त्याला दुर्गंध आला, ती जेवेनाशी झाली, अंगात ताप वाटला, एखादं आचळ दगडासारखं कडक आणि गरम लागलं, किंवा ती थरथरू लागली, पाय ताठरू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर. थरथर कॅल्शियम उतरल्याची असू शकते आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

पुढच्या वेळेचा तुझा प्रश्न. जिच्या मांजरीला दिवस गेले आहेत अशी दुसरी कुणी हे वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी विते. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढला तर पिल्लं किती ते मोजता येतं, म्हणजे सगळी आली की एक आत राहिलं याचा घोर उरत नाही. रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आधीच शोधून, एकदा बोलून ठेवायचा. अंथरायला धागे सुटणारं फडकं नको. जोराच्या कळा सुरू होऊन वीस-तीस मिनिटं पिल्लू आलं नाही, अर्धं बाहेर आलेलं पिल्लू दहा मिनिटांत सुटलं नाही, एकही पिल्लू आलेलं नसताना हिरवट स्राव गेला, किंवा ताजं रक्त वाहत राहिलं, तर निघायचं. शांत, खाती-पिती आई दोन पिल्लांच्या मध्ये काही तास विश्रांती घेते, कधी जास्तही, आणि ते चालतं. निरर्थक कळा मात्र चालत नाहीत.

एकच पाय दिसत असेल तर त्याला हात लावायचा नाही. कंबरेपर्यंतचं धड बाहेर येऊन डोकं आत अडकलं असेल, तरच मदतीचा विचार, कारण तेव्हा नाळ दाबली जाते आणि वेळ नसतो. ओल्या स्वच्छ फडक्यात पिल्लाची कंबर धरायची, पंजे नाही. आईची कळ येईल तेव्हाच, खाली तिच्या पोटाच्या दिशेने अलगद. कळ थांबली की आपणही थांबायचं. घरी कळा वाढवायचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नये. वाट अडलेली असताना कळा वाढवल्या तर गर्भाशय फाटू शकतं.

आई नाळ तोडत नसेल तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दोऱ्याने बांधून, पलीकडे उकळलेल्या बोथट कात्रीने कापायची, पोटाच्या बाजूला ओढ बसू द्यायची नाही, आणि टोकाला आयोडीन लावायचं. श्वास न घेणाऱ्या पिल्लाच्या तोंडावरची पिशवी काढून, नाक-तोंड पुसून, टॉवेलने जोरात चोळायचं. काहीजण पिल्लू हातात धरून झोका देतात, तसं मुळीच नाही. मेंदूत रक्तस्राव होतो.

पण तुझ्यापुरतं माझं उत्तर वेगळं आहे. चिमीला पुढची वेळ येऊ देऊ नकोस. ती पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते, म्हणून आत्तापासूनच तिला बाहेर सोडू नका आणि घरात बोका असेल तर त्याला वेगळ्या खोलीत ठेवा. पिल्लं दूध सोडतील, साधारण दोन महिन्यांची होतील, तेव्हा तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घे. दाखवायला जाशील तेव्हा त्याच भेटीत तारीख विचारून ये.

आणि वजनाची वही दादाकडे दे. रोज सकाळी मोजायचं काम त्याचं. पहिल्या आठ दिवसांचे आकडे मला पाठवा, चारही पिल्लांचे.